‘किती वेळ झाला?’ विचारणाऱ्या सिस्टर

आमच्या गावच्या सिस्टर कुणाचंही नाव आधी विचारायच्या नाहीत. दारात माणूस आला की पहिला प्रश्न ठरलेला, "किती वेळ झाला?" मग विंचू चावलेला असो, लेकरानं रॉकेल प्यालेलं असो, नाहीतर बाळंतपणाच्या कळा सुरू झालेल्या असोत. कोण, कुणाचं, कसं, हे सगळं नंतर. एकदा राजूरच्या रस्त्यावर मोटारसायकलवरून पडलेला एक पाहुणा आपण कुणाचे जावई, कोणत्या घराण्यातले हे सांगायला लागला. त्याच्या गुडघ्यातले खडे काढता काढता सिस्टर म्हणाल्या, "पाहुणे, रक्ताला तुमचं आडनाव माहीत न्हाई. पडून किती वेळ झाला ते सांगा."

सरकारी आरोग्य उपकेंद्राला गावात इमारत नव्हती. आमच्या घराच्या पुढच्या दोन खोल्या त्यासाठी भाड्यानं दिलेल्या होत्या. एका खोलीत दवाखाना, दुसरीत सिस्टर राहायच्या. दवाखाना आणि आमचं माजघर यांच्यामध्ये एक कायम बंद असलेलं दार होतं. त्याच्या फळ्या वाळून आत फट पडलेली, त्यामुळे तिकडे जरा मोठ्यानं बोललं की इकडे ऐकू यायचं. सिस्टर ठेंगण्या, पन्नाशी ओलांडलेल्या. पांढरी साडी, मनगटावर मोठ्या काट्यांचं पुरुषी घड्याळ. मूळच्या जांब समर्थकडच्या. त्यांचे यजमान जालन्याला एमआयडीसीत बियाण्याच्या कंपनीत होते. शनिवारी संध्याकाळी मोटारसायकलवर यायचे आणि आल्या आल्या स्टोव्ह पेटवून स्वतः चहा ठेवायचे. आधी सिस्टरांना, मग बाकावर बसलेल्या पेशंटला, शेवटी स्वतःला. आमची आई कामं सोडून ते बघत उभी राहायची.

बायकांना बोलतं करायची सिस्टरांची एक रीत होती. टेबलापलीकडे बसवून विचारलं तर बाई "काई न्हाई, अंग दुखून राह्यलं" एवढंच सांगायची. मग सिस्टर तिला आपल्या खोलीत न्यायच्या, मेथीची जुडी पुढ्यात टाकायच्या आणि म्हणायच्या, "एवढी निवडू लाग मला." बाईचे हात कामाला लागले, नजर खाली गेली की अर्ध्या जुडीपर्यंत खरं दुखणं बाहेर यायचं. सिस्टर मान वर न करता ऐकायच्या. सगळं ऐकून झाल्यावर जे सांगायचं ते सांगायच्या आणि म्हणायच्या, "आता तू मला सांग, मी काय सांगितलं ते." चुकलं तर पुन्हा सांगायच्या. तिसऱ्यांदा सांगतानाही त्यांचा आवाज चढलेला मी कधी ऐकला नाही.

मी तेव्हा बी.ए.च्या पहिल्या वर्षाला होते. दोन हजार साल उलटून तीन-चार वर्षं झाली असतील. गावातून रोज सकाळच्या एसटीनं जालन्याच्या कॉलेजला आम्ही दोघीच जायचो, मी आणि बी.एस्सी.ला गेलेली माझी मैत्रीण. तिला इथं वैशाली म्हणते, तिचं खरं नाव ते नाही. दोघींनाही अठरा पूर्ण होऊन काही महिने झालेले. वैशालीच्या वडिलांची चाळीस एकर जमीन, गावात शब्दाला वजन. बारावीनंतर तिला पुढे शिकवायचं की नाही यावर त्यांच्या घरात महिनाभर अबोला होता. शेवटी आई हटून बसली म्हणून त्यांनी परवानगी दिली, तीही एका अटीवर. काही कानावर आलं की शिक्षण बंद आणि उन्हाळ्यात लग्न.

त्या वर्षी थंडीत, एका सोमवारी, वैशाली एसटीत एक शब्द बोलली नाही. जालन्याला उतरल्यावर माझा हात धरून म्हणाली, "माझ्यासंग मेडिकलमधी चल." मी विचारलं, "काय झालं?" ती चालायलाच लागली. चालता चालता तिनं तुटक तुटक सांगितलं. कॉलेजमधला एक मुलगा होता हे मला माहीत होतं. शनिवारी काय घडलं ते माहीत नव्हतं. दिवस राहू नयेत म्हणून नंतर लवकर घ्यायची एक गोळी असते, असं वर्गातल्या एका मुलीनं पेपरात वाचून तिला कधीतरी सांगितलं होतं. टीव्हीवर अशा गोळ्यांच्या जाहिराती यायच्या आधीचा तो काळ. आम्हाला गोळीचं नावसुद्धा धड ठाऊक नव्हतं.

पहिल्या दुकानात तीन माणसं उभी होती. ती जाईपर्यंत आम्ही पलीकडे बांगड्या बघत थांबलो. ती गेली तर आणखी दोघं आले. शेवटी वैशाली पुढे झाली. दुकानदारानं तिचं ऐकून घेतलं, मग सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "कुणाला पायजे? लग्न झालं का तुमचं?" वैशाली म्हणाली, "वहिनीला." तो म्हणाला, "मंग वहिनीला पाठवा. न्हाईतर भावाला." बाजूचा माणूस हसला. आम्ही बाहेर आलो तेव्हा वैशालीच्या कपाळाला थंडीत घाम आलेला होता.

दुसऱ्या दुकानदारानं काहीच विचारलं नाही. कात्रीनं गोळ्यांच्या पट्टीचा एक तुकडा कापला, कागदात गुंडाळून दिला आणि म्हणाला, "पाळी येती यानं." त्या तुकड्यावर नावाची शेवटची दोन अक्षरं तेवढी उरलेली होती. दिवसभर तो कागद वैशालीच्या वहीत राहिला. तिनं दोनदा पाण्याची बाटली काढली आणि दोनदा परत ठेवली. परतीच्या एसटीत मी म्हणाले, "आपण सिस्टरांना विचारू." ती एकदम बिथरली. "त्या तुमच्या घरात राहतात. तुझ्या आईला कळंल, मंग माझ्या आईला, मंग सगळं संपलं." मी म्हणाले, "तुला दुसरं कोण दिसून राह्यलं?" तिला दुसरं कुणी दिसत नव्हतं. मलाही नव्हतं.

संध्याकाळचे सहा वाजले असतील. दवाखान्यात कुणी नव्हतं. सिस्टरांनी आमच्या दोघींच्या तोंडाकडे पाहिलं, दवाखान्याच्या दाराला कडी घातली आणि आम्हाला आतल्या खोलीत नेलं. माझ्याकडे बोट करून त्यांनी वैशालीला विचारलं, "ही थांबू दे का जाऊ दे? तू म्हणशील तसं." तिला आत आणणारी मीच, त्यामुळे मला ते जरा लागलं. वैशाली म्हणाली, "थांबू द्या."

"किती वेळ झाला?"

"शनिवारी दुपारी. दोनच्या सुमाराला."

सिस्टरांनी घड्याळ बघून हिशोब केला. "बावन्न तास. बहात्तरच्या आत हाये. पहिल्या दिवशी आली असती तर अजून बरं झालं असतं, पण उशीर झाला न्हाई." मग त्यांनी खुर्ची तिच्याजवळ ओढली. "आता मी विचारते त्याचं खरं उत्तर दे. तुझ्या मनानं झालं, का कुणी जबरदस्ती केली?"

वैशालीनं वर पाहिलं. मग म्हणाली, "मनानं. पण पुढं काय होईल ते मनात आलं न्हाई."

"तेवढं कुणाच्याच मनात येत न्हाई," सिस्टर म्हणाल्या. बस. त्यावर एकही शब्द नाही. मुलगा कोण, कुणाचा, जात कोणती, लग्न करणार आहे का, यातलं काहीही त्यांनी विचारलं नाही. मागची पाळी कधी आली तेवढं विचारलं. वहीतला तो कागद उलगडून बघितला. "हे काय हाये ते मला माहीत न्हाई, तुलाही न्हाई आन् विकणाऱ्यालाही न्हाई. हे पोटात घालायचं न्हाई." त्यांनी तो तुकडा आपल्याकडे ठेवून घेतला.

मग कपाटातून एक लहान पाकीट काढलं. सरकारी पुरवठ्यात ती गोळी नुकतीच यायला लागली होती. पाकिटात दोन गोळ्या. त्या टेबलावर ठेवून सिस्टर बोलत राहिल्या. एक आता, दुसरी बारा तासांनी. मळमळेल, डोकं दुखेल. दोन तासांच्या आत उलटी झाली तर परत यायचं. पाळी आठवडाभर मागं-पुढं होईल. तीन आठवडे वाट बघून आली नाही तर यायचं, लघवी तपासू. गोळीनं शंभर टक्के काम होतंच असं नाही. नेहमी नेहमी घ्यायची ही गोळी नाही, आणि रोगापासून हिनं संरक्षण होत नाही. त्यासाठी दुसरी साधनं आहेत, ती कोणती हेही त्यांनी स्पष्ट सांगितलं. मी खाली जमिनीकडे बघत होते. सिस्टर मात्र तापाच्या गोळ्यांबद्दल सांगावं तशा सांगत होत्या.

वैशालीनं विचारलं, "पाप लागंल का?"

"ही गोळी गर्भ पाडत न्हाई. राहायच्या आधी अडवती. राहिलेला असंल तर हिचा काहीच उपयोग न्हाई. एवढं मला शिकवलंय. पाप-पुण्याचं मला कुणी शिकवलं न्हाई, ते तुझं तू बघ."

"तुम्ही माझ्या जागी असत्या तर घेतली असती का?"

"मी तुझ्या जागी न्हाई. घ्यायची का न्हाई ते तू ठरव. न्हाई घेतली तरी माझं दार बंद होणार न्हाई. मंग काय काय होऊ शकतं, ते आपण बसून बोलू."

मला त्यांचा राग आला. समोर पोरगी एवढी घाबरलेली आणि या ‘घे’ म्हणून सांगत नाहीत. पण वैशाली हळूहळू ताठ बसत गेली. सकाळपासून पहिल्यांदाच तिला कुणी तरी काही ठरवायला सांगितलं होतं. ती म्हणाली, "मला शिकायचंय. मी घेते." मग सगळं स्वतःच्या शब्दांत एकदा म्हणून दाखवलं. एके ठिकाणी चुकली, सिस्टरांनी दुरुस्त केलं. पहिली गोळी तिनं तिथंच घेतली. दुसरी कंपासपेटीत घालून घरी नेली आणि सकाळी साडेसहाला, नळाचं पाणी भरता भरता घेतली.

नवव्या दिवशी एसटीत माझ्या शेजारी बसत ती एवढंच म्हणाली, "आली." आम्ही संध्याकाळी सिस्टरांना सांगायला गेलो. त्या म्हणाल्या, "बरं झालं. आता पुढचं तुझ्या मनात काय हाये?" वैशालीनं ते आधीच ठरवलेलं होतं. डिग्री होईपर्यंत त्या मुलाला एकटं भेटायचं नाही, आणि तसं तिनं त्याला सांगूनही टाकलं होतं. तो रुसला. काही आठवड्यांनी दुसऱ्या बाकावर बसायला लागला. ती थोडे दिवस रडली आणि मग परीक्षेच्या तयारीला लागली.

माझी चूक याच्या पुढची आहे.

संकष्टीला आई, मावशी आणि मी राजूरच्या गणपतीला गेलो होतो. दर्शनाच्या रांगेत मावशी त्यांच्या गावातल्या एका मुलीची हकीकत सांगत होती. दिवस गेल्याचं घरच्यांना कळलं, आठ दिवसांत कुठल्या तरी लांबच्या माणसाशी लग्न लावून दिलं. मावशी हळहळत होती. मी मोठ्या जाणतेपणानं म्हणाले, "आमच्या सिस्टरांकडं गोळी असती. टायमावर गेलं तर देतात पोरींना." मी कुणाचं नाव घेतलं नाही. नाव घेतलं नाही म्हणजे काही बिघडत नाही, असं मला वाटलं. खरं सांगायचं तर सिस्टरांचं कौतुक करावं असंही मनात होतं, आणि मला काहीतरी माहीत आहे हे दाखवावं असंही.

बोलणं मावशीकडून कुठं गेलं, कसं फिरलं, माहीत नाही. पंधरा दिवसांनी चार माणसं दवाखान्यात आली. मी माजघरात होते, दाराच्या फटीतून मला दोघांची तोंडं दिसत होती. त्यातलं एक वैशालीच्या वडिलांचं. दुसरं आमच्या अण्णांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं.

"सिस्टर, तुम्ही गावातल्या पोरींना गोळ्या देऊन राह्यल्या म्हणं," वैशालीचे वडील म्हणाले. "कोणत्या पोरीला दिली, नाव सांगा."

सिस्टर म्हणाल्या, "बसा आधी."

कुणी बसलं नाही.

"तुमच्यातल्या प्रत्येकाच्या घरातलं कुणी ना कुणी ह्या खोलीत येऊन गेलंय," सिस्टर सावकाश म्हणाल्या. "काही वेळा तुम्ही स्वतः आल्तात. कशाला आल्तात, ते मी बाहेर कुणाला सांगितलं का? उद्या ह्या तिघांनी येऊन तुमचं विचारलं, तर सांगू का?"

अण्णांनी टोपी काढून परत घातली.

"पण यानं पोरी बिघडतात," मला न दिसणाऱ्या दोघांतला एक म्हणाला.

"ही गोळी माझ्याकडं यायच्या आधी ह्याच गावातून मी तीन पोरींना टेम्पोत घालून जालन्याच्या दवाखान्यात नेलंय. कुणाकुणाकडून काय काय घेऊन बसल्या होत्या. त्यातली एक परत आली न्हाई. तिच्या मातीला तुम्ही सगळे होता. तवा कुणी मला विचारायला आलं न्हाई, सिस्टर, हे कसं झालं म्हणून."

त्यांचा आवाज तेव्हाही चढला नव्हता. मग चौघं निघून गेले. नाव त्यांना मिळालं नाही.

पण सिस्टरांची बदली करा म्हणून जिल्हा परिषदेकडे अर्ज गेला. त्यावर गावातल्या बऱ्याच पुरुषांच्या सह्या होत्या, अण्णांचीसुद्धा. आई त्या दिवसापासून आठवडाभर अण्णांशी बोलली नाही. उन्हाळ्यात बदलीचा कागद आला. कारण लिहिलं होतं, प्रशासकीय. त्या कागदावर मी पहिल्यांदा त्यांचं नाव वाचलं. शकुंतला. इतकी वर्षं आमच्या घरात राहिल्या आणि आम्हाला ते माहीत नव्हतं.

सामान बांधायला मी मदत करत होते. भांडी कागदात गुंडाळता गुंडाळता मला राहवलं नाही. "सिस्टर, ते माझ्यामुळं झालं. राजूरला मीच मावशीजवळ बोलले."

त्या हातातलं पातेलं पुसत राहिल्या. "मला अंदाज होता."

"मंग तुम्ही मला काही म्हणल्या न्हाई."

"काय म्हणू? कुणीच काही बोललं न्हाई, तर ज्या पोरीला गरज हाये तिला कळंल कसं, अशी गोळी असती म्हणून? बोलायला तर पायजेच, रेखा. तू रांगेत बोललीस, एवढंच चुकलं." पातेलं खाली ठेवून म्हणाल्या, "अन् नाव घेतलं न्हाईस. ते फार मोठं केलंस."

मी विचारलं, तुम्हाला एवढं सहन करून हे काम का करावंसं वाटतं. मला वाटलं, त्यांच्या आयुष्यात काहीतरी घडलेलं असेल, त्या सांगतील. त्यांनी माझ्याकडे नवलानं पाहिलं. "मला हे शिकवलंय. पगार ह्याचाच मिळतो," त्या म्हणाल्या आणि दुसरं पातेलं उचललं.

निघायच्या दिवशी टेम्पो दारात उभा राहिला, आणि ज्यांच्या नवऱ्यांनी सह्या केल्या होत्या त्या बायका एकेक करून आल्या. कुणी ओटी भरली, कुणी नुसताच हात हातात घेतला. वैशालीची आई सगळ्यात शेवटी आली. ओटी भरून झाल्यावर तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला आणि बाहेर उभ्या असलेल्या पुरुषांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "सिस्टर, नवीन बाई येईपोतर पोरींनी कुणाकडं जायचं?" सिस्टरांनी तिला बाजूला घेतलं आणि दोघी खूप वेळ बोलत उभ्या राहिल्या. सिस्टरांचे यजमान टेम्पोवाल्याला म्हणाले, "थांब जरा, घाई न्हाई."

त्यानंतर पाच-सहा वर्षं गेली. मी अंबडकडे एका शाळेत शिक्षिका झाले. वैशालीनं बी.एस्सी. पूर्ण केलं होतं. ती आता जालन्यात एका बियाण्याच्या कंपनीच्या प्रयोगशाळेत काम करत होती आणि लग्न तिनं स्वतः बघून ठरवलं होतं. सिस्टर निवृत्त होऊन जांब समर्थजवळ आपल्या गावी राहतात असं कळलं. पत्रिका द्यायचं निमित्त करून आम्ही दोघी गेलो.

सिस्टर थकल्या होत्या, पण ओळखलं मला लगेच. आईची, अण्णांच्या गुडघ्याची चौकशी केली. वैशालीकडे मात्र त्यांनी अनोळखी पाहुण्याकडे बघावं तसं पाहिलं. वैशालीनं चाचरत सांगितलं, "सिस्टर, मी एकदा तुमच्याकडं आल्ते. सोमवारी संध्याकाळी. गोळीसाठी." सिस्टरांनी थोडा विचार केल्यासारखं केलं आणि मान हलवली. "लई पोरी यायच्या, बाई. चेहरे ध्यानात राहत न्हाईत आता." यजमानांनी चहा आणला. वैशालीचा चेहरा पडला होता, ते त्यांनाही दिसलं असावं. त्यांनी तिला साखर जास्त घातली.

उठताना वैशाली अंगणात चपला घालत होती. मी उंबऱ्याशी सिस्टरांच्या पाया पडले. त्या खाली वाकून माझ्या कानाशी हळूच म्हणाल्या, "हिच्या बापानं शिकू दिलं ना शेवटपर्यंत?"

मी नुसती मान हलवली. त्यांनी डोळे मिटून घेतले.

परतीच्या एसटीत वैशालीनं खिडकीजवळची जागा घेतली. मग म्हणाली, "आधी वाईट वाटलं. पण बरं झालं, त्या विसरल्या. इतकी वर्षं मला वाटायचं, कुठंतरी एक माणूस हाये ज्याला माझं सगळं माहीत हाये. आज एकदम हलकं वाटून राह्यलं." तिनं खिडकीच्या गजाला डोकं टेकवलं आणि डोळे मिटले.

उंबऱ्याशी ऐकलेलं माझ्या ओठावर आलं होतं. मी ते गिळलं आणि तिची पर्स माझ्या मांडीवर घेतली, तिला नीट झोपता यावं म्हणून.